आयसीयूत आणखी सलाईन द्यायचं की थांबायचं? फ्लुइड स्टेटस तपासण्याचा क्रम

रात्री सिस्टरचा फोन येतो, "सर, चार नंबरचं युरिन कमी झालंय." पलीकडून उत्तर येतं, "पाचशे एनएस फास्ट सोडा," म्हणजे अर्धा लिटर नॉर्मल सलाईन. तासाभराने युरिन तेवढंच, बीपी तेवढंच, फक्त ऑक्सिजन दोन लिटरने वाढलेला. सकाळी राउंडला एक्स-रे पांढरा दिसतो आणि मग लॅसिक्स (लघवी वाढवून पाणी काढणारं औषध) लिहिलं जातं. छोट्या नर्सिंग होमपासून मेडिकल कॉलेजपर्यंत हे सगळीकडे चालतं. फ्लुइड द्यावंच लागतं, त्यावर वाद नाही. पण आधी काय पाहायचं आणि नंतर काय, हा क्रम बहुतेक वेळा उलटा होतो.

"पेशंट ड्राय आहे की ओव्हरलोड?" असं विचारून भागत नाही. एकच माणूस दोन्ही असू शकतो: पायांवर सूज, छातीत पाणी आणि रक्तवाहिन्या रिकाम्या. त्याऐवजी तीन प्रश्न विचारायचे, आणि याच क्रमाने.

पहिला: अवयवांना रक्त कमी पडतंय का?
दुसरा: पडत असेल, तर फ्लुइड दिल्यावर हृदय जास्त रक्त बाहेर टाकेल का?
तिसरा: टाकलं, तरी फुप्फुसं, मूत्रपिंड आणि पोट ते फ्लुइड सोसतील का?

पहिल्याचं उत्तर "नाही" आलं तर पुढच्या दोघांकडे जायचं कारणच नाही. धडधाकट माणसाला झोपवून त्याचे पाय वर केले तर त्याचंही कार्डिअॅक आउटपुट (हृदय दर मिनिटाला बाहेर टाकतं ते रक्त) वाढतं. म्हणून कुणी त्याला बाटली लावत नाही.

हा लेख रेसिडेंट डॉक्टर आणि आयसीयूतल्या सिस्टर-ब्रदर यांच्यासाठी आहे, आणि प्रौढ रुग्णांपुरता आहे. भाजलेले रुग्ण, डीकेए (मधुमेहात रक्त आम्लधर्मी होणं), चालू रक्तस्राव आणि लहान मुलं यांचे प्रोटोकॉल वेगळे आहेत. नातेवाइकांनी वाचायला हरकत नाही, पण यातले आकडे घेऊन घरी सलाईन लावू नये.

## टप्पा १ : आधी आय-ओ (आत गेलेलं-बाहेर आलेलं पाणी) चार्टचा हिशेब दुरुस्त करा

सोनोग्राफीचं मशीन ओढत आणण्याआधी चार्ट घेऊन पाच मिनिटं बसा. बहुतेक चार्टमध्ये फक्त मोठ्या बाटल्या लिहिलेल्या असतात. औषधांबरोबर जाणारं पाणी कुणाच्याच खात्यात नसतं.

समजा ६० किलोची एक बाई सेप्सिसने (जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडणं) दाखल आहे, दुसरा दिवस. चार्ट म्हणतो: सलाईन २००० मिली, युरिन ९०० मिली, बॅलन्स अधिक ११००. आता ड्रग चार्ट शेजारी ठेवा. मेरोपेनेम १०० मिलीत तीनदा, म्हणजे ३००. डॉक्सी १०० मिलीत दोनदा, २००. पॅरासिटामॉल इन्फ्युजन १०० मिलीचं, तीनदा, ३००. नॉरअॅड (वाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध) ताशी ५ मिलीने चोवीस तास, १२०. सिडेशनचा (गुंगीच्या औषधाचा) पंप साधारण १००. इथेच १०२० मिली झाले. राईल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) फीड आणि नंतर ढकललेलं पाणी मिळून १२००. एकूण आत गेलं ४२२०. बाहेर आलं ९०० युरिन आणि १५० अॅस्पिरेट (ट्यूबमधून ओढून काढलेलं), म्हणजे १०५०. फरक ३१७०. घाम आणि श्वासातून जाणारे अंदाजे ७०० वजा केले तरी अडीच लिटरच्या आसपास उरतात. चार्टवर ११००, प्रत्यक्षात २५००.

घाम-श्वासाचा आकडा अंदाजाचाच असतो. ताप असेल, किंवा मे महिन्यात विदर्भातल्या एसी बंद पडलेल्या आयसीयूत रुग्ण असेल, तर तो वाढतो. व्हेंटिलेटरला ह्युमिडिफायर असेल तर कमी होतो. दर दिवशी डोळे झाकून एकच आकडा वजा करू नका.

यानंतर तीन गोष्टी जोडायच्या.

अ) दाखल होण्याआधीचं फ्लुइड. ग्रामीण रुग्णालयात दोन बाटल्या, १०८ मध्ये एक, कॅज्युअल्टीत एक. रेफरल चिठ्ठी वाचा, त्यावर नसेल तर नातेवाइकांना विचारा, "किती बाटल्या लावल्या होत्या?" हे त्यांना नक्की आठवतं, कारण बऱ्याचदा त्यांनीच त्या विकत आणलेल्या असतात.

आ) साठत गेलेला बॅलन्स. सकाळी चार्ट बदलला की हिशेब पुन्हा शून्यावर येतो, आणि तिसऱ्या दिवशी सहा लिटर साठलेत हे कुणाच्या लक्षात येत नाही. रोजच्या चार्टच्या डोक्यावर "आजवरचा एकूण बॅलन्स" असा रकाना ओढा. एकूण लिटर भागिले दाखल होतानाचं वजन, गुणिले १००. ६० किलोच्या माणसात ६ लिटर म्हणजे १० टक्के. या पातळीपुढे गेलेल्या रुग्णांचे निकाल वाईट आढळलेले आहेत.

इ) वजन. बेडलाच काटा असेल तर रोज एकाच वेळी, तेवढ्याच चादरी-उशांसह. दोन-तीन दिवसांत वाढलेला एक किलो म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी. आयसीयूतला माणूस दोन दिवसांत मांस धरत नाही. काटा नसेल तर निदान दाखल होतानाचं वजन विचारून लिहून ठेवा.

तपासा: युरिन "कमी झालं" म्हणजे युरोबॅगमध्ये कमी दिसतंय. कॅथेटर दुमडलाय का, नळी मांडीखाली दबलीय का, आत रक्ताची गाठ अडकलीय का? ओटीपोटावर हात ठेवा, शंका असेल तर ब्लॅडरवर प्रोब ठेवा. भरलेल्या ब्लॅडरवर बोलस (थोड्या वेळात भरभर सोडलेलं फ्लुइड) दिलेले रुग्ण कमी नाहीत.

## टप्पा २ : अवयवांना रक्त कमी पडतंय का?

आता रुग्णापाशी या. मॉनिटरकडे पाहण्याआधी हात लावा.

कॅपिलरी रिफिल (सीआरटी), म्हणजे दाबून पांढरी केलेली त्वचा पुन्हा लाल व्हायला लागणारा वेळ. हे सगळ्यांना येतं असं सगळ्यांना वाटतं, आणि जो तो आपापल्या पद्धतीने करतो. एकच पद्धत ठेवा. रुग्णाचा हात हृदयाच्या पातळीवर. तर्जनीच्या शेवटच्या पेराचा तळव्याकडचा भाग काचेच्या स्लाइडने किंवा बोटाने दाबा, पांढरा होईपर्यंत. दाब १० सेकंद तसाच ठेवा. सोडा आणि घड्याळावर सेकंद मोजा, मनात नाही. ३ सेकंदांपेक्षा जास्त म्हणजे बिघाड. चिमटीत धरून लगेच सोडलं तर आकडा खोटा येतो. एसीच्या झोताखाली गार पडलेला हात असेल तर आधी पांघरूण घालून थोडं थांबा. सावळ्या त्वचेवर पेराऐवजी नखाखालचा भाग नीट दिसतो. मग पुढच्या प्रत्येक वेळी तिथेच मोजा.

सेप्टिक शॉकमध्ये (सेप्सिसमुळे बीपी पडून अवयवांना रक्त कमी पडणं) कॅपिलरी रिफिल पाहून उपचार चालवणं हे लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) पाहून चालवण्यापेक्षा वाईट ठरत नाही, हे २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक अभ्यासात दिसलं. २०२१ च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस मार्गदर्शिकेतही ही चाचणी इतर मोजमापांच्या जोडीला घेतली आहे. खर्च शून्य, निकाल अर्ध्या मिनिटात. ज्या हॉस्पिटलात लॅक्टेटचा रिपोर्ट बाहेरच्या लॅबमधून संध्याकाळी येतो, तिथे माझ्या मते याहून कामाची चाचणी नाही.

गुडघे. चादर बाजूला करा. गुडघ्याच्या वाटीभोवती जांभळट जाळी दिसते का, ती मांडीकडे सरकतेय का? सावळ्या कातडीवर जाळी लपते, त्यामुळे "दिसली नाही" यावर फार विसंबू नका. हाताच्या पाठीने गुडघा आणि पाऊल किती गार लागतात ते पाहा.

शुद्ध. सकाळी नाव सांगणारे आजोबा दुपारी गोंधळलेत का? सिडेशन चालू असेल तर हे चिन्ह बाद.

युरिन. ताशी ०.५ मिली प्रति किलोपेक्षा कमी, सलग काही तास. पण साखर ४०० असेल, मॅनिटॉल किंवा लॅसिक्स दिलं असेल, तर युरिन भरपूर असूनही रुग्ण कोरडा असतो. उलट मूत्रपिंडाला आधीच मार बसलेला असेल, लेप्टो, साप चावणं, दोन दिवसांचा शॉक, तर कितीही ओतलं तरी युरिन सुरू होणार नाही.

लॅक्टेट. २ मिमोलच्या वर गेलं की कारण शोधा. अॅड्रिनॅलिन, खराब लिव्हर, मेटफॉर्मिन, नुकतीच आलेली फिट, यांपैकी कशानेही ते वाढतं.

बीपी. मीन (सरासरी बीपी) ६५ चं लक्ष्य ठीक, पण पल्स प्रेशरही (वरच्या आणि खालच्या आकड्यातला फरक) पाहा. ९०/७६ आणि ९०/४० हे दोन पूर्णपणे वेगळे रुग्ण आहेत. पहिल्यात हृदयातून कमी रक्त निघतंय. दुसऱ्यात वाहिन्या सैल पडल्यात, आणि तिथे नॉरअॅड लवकर लागतं. जाड दंडाला छोटा कफ बांधला तर बीपी खोटं जास्त येतं.

> इशारा: कॅपिलरी रिफिल दोन सेकंद, पाय गरम, शुद्ध नीट, लॅक्टेट उतरतंय, फक्त युरिन कमी. इथे बोलस देऊ नका. कॅथेटर, औषधं, मूत्रपिंड यांकडे वळा.

## टप्पा ३ : शॉक कोणत्या जातीचा आहे?

रक्त कमी पडतंय हे ठरलं, म्हणजे फ्लुइड कमी आहे असं सिद्ध झालं नाही. हृदय दुबळं असेल, पेरिकार्डियममध्ये (हृदयाभोवतीच्या पिशवीत) पाणी साचलं असेल, टेन्शन न्यूमोथोरॅक्स (छातीत अडकलेल्या हवेने फुप्फुस दबणं) असेल किंवा फुप्फुसाच्या धमनीत गुठळी असेल, तरी चित्र हेच दिसतं. म्हणून प्रोब हातात असेल तर दोन मिनिटं हृदय बघा: डावं वेंट्रिकल (हृदयाचा खालचा कप्पा) नीट आवळतंय का, उजवं फुगलंय का, भोवती पाणी आहे का. प्रोब नसेल तर ईसीजी, दोन्ही बाजूंचा एअर एन्ट्री आणि मानेच्या शिरा.

मानेची शीर बघायला डोकं ४५ अंशांवर हवं. स्टर्नल अँगलच्या (छातीच्या हाडावरचा उंचवटा) वर ३ सेंमीपेक्षा जास्त भरलेली दिसली तर दाब वाढलेला. जाड मानेत दिसत नाही. दिसलं नाही तर "दिसली नाही" असंच लिहा, "नॉर्मल" नको.

जीभ, त्वचेची चिमटी, पायावरची सूज ही चिन्हं आपण शिकलो, पण आयसीयूत ती लवकर फसवतात. तोंडाने श्वास घेणाऱ्या, ऑक्सिजन मास्क लावलेल्या प्रत्येकाची जीभ कोरडीच असते. म्हाताऱ्या माणसाच्या हातावरची चिमटी अशीही उभी राहते. चार दिवस पडून असलेल्याची सूज पायावर शोधू नका. कुशीवर वळवा आणि कंबरेखाली माकडहाडापाशी दाबून बघा. आणि सूज सापडली तरी ती वाहिन्यांबाहेरचं पाणी दाखवते. अल्ब्युमिन १.८ असलेल्या रुग्णात सूज आणि रिकाम्या वाहिन्या सुखाने एकत्र नांदतात.

## टप्पा ४ : फ्लुइड दिलं तर हृदय प्रतिसाद देईल का?

आयसीयूत शॉकमध्ये असलेल्या रुग्णांपैकी ढोबळमानाने निम्मेच बोलसला प्रतिसाद देतात. उरलेल्या निम्म्यांना ते फ्लुइड फक्त सूज देतं. त्यामुळे बाटली टोचण्याआधी चाचणी.

### पॅसिव्ह लेग रेज

पायांतलं आणि पोटातलं जवळपास ३०० मिली रक्त हृदयाकडे सरकतं. पाय खाली केले की परत जातं. म्हणजे परत घेता येणारा बोलस. व्हेंटिलेटर असो-नसो, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) असो, चालते. मात्र ती अशीच करायची:

१. रुग्णाला अर्धवट बसवा, डोकं ४५ अंशांवर. सपाट झोपलेल्याचे नुसते पाय उचलले तर सरकणारं रक्त कमी, आणि चाचणी खोटी "नाही" म्हणते.
२. या स्थितीत पहिलं मोजमाप घ्या.
३. बेडच्या हँडलनेच धड सपाट करा आणि पाय ४५ अंशांवर आणा. मामांना (वॉर्डबॉयना) पाय धरून उचलायला लावू नका. दुखलं, खोकला आला, रुग्ण दचकला की अॅड्रिनॅलिन वाढतं आणि सगळं मोजमाप बिघडतं. सक्शन करायचं असेल तर आधी उरकून घ्या.
४. ६० ते ९० सेकंदांच्या आत दुसरं मोजमाप. परिणाम तेवढाच टिकतो. तीन मिनिटांनी कफ फुगवून उपयोग नाही.
५. परत पहिल्या स्थितीत आणा आणि आकडा मूळ जागी येतो का पाहा. आला नाही, तर मधल्या काळात दुसरंच काही बदललंय.

मोजायचं काय? सर्वात चांगलं म्हणजे एकोवर एलव्हीओटी व्हीटीआय (दर ठोक्याला डाव्या वेंट्रिकलमधून निघणाऱ्या रक्ताचं मोजमाप). तीन ते पाच ठोक्यांची सरासरी घ्या, फिब्रिलेशनमध्ये जास्त ठोक्यांची. दोन्ही वेळा प्रोबचा कोन तोच हवा. १० टक्के किंवा अधिक वाढ म्हणजे प्रतिसाद. १५ चं १७ झालं तर १३ टक्के, म्हणजे हो. एको नसेल आणि रुग्ण व्हेंटिलेटरवर शांत, स्थिर असेल तर ईटीसीओटू (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड) ५ टक्क्यांनी वाढतं का ते बघा. आर्टेरियल लाइनवर (धमनीत घातलेल्या नळीवर) पल्स प्रेशर ठळक वाढलं तर ते "हो" धरा. वाढलं नाही तर मात्र "नाही" धरू नका.

> इशारा: डोक्याला मार किंवा मेंदूतला दाब वाढलेला असेल तर ही चाचणी नको. पोट टम्म असेल, पाय कापलेला असेल किंवा घट्ट स्टॉकिंग असतील, तर निकाल भरवशाचा नाही.

### पीपीव्ही आणि एसव्हीव्ही

श्वासाबरोबर पल्स प्रेशर (पीपीव्ही) किंवा दर ठोक्याला निघणारं रक्त (एसव्हीव्ही) किती टक्के बदलतं, हा आकडा मॉनिटर सतत दाखवतो, म्हणून लोक सतत वापरतात. १३ टक्क्यांच्या वर म्हणजे प्रतिसाद, पण चार अटी एकत्र हव्यात: रुग्ण स्वतः अजिबात श्वास घेत नाही, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) किमान ८ मिली प्रति किलो, सायनस ऱ्हिदम (हृदयाचे नियमित ठोके), छाती उघडलेली नाही. आपल्याकडे फुप्फुस वाचवायला ६ मिली देतो, आणि तिथेच अट मोडते. मग एक मिनिट ६ वरून ८ वर नेऊन बघता येतं, पीपीव्ही ३.५ अंकांनी वाढला तर प्रतिसाद अपेक्षित. नंतर सेटिंग परत ६ वर आणायला विसरू नका.

### आयव्हीसी

आयव्हीसी म्हणजे शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयात आणणारी मोठी शीर. सध्या सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पहिली चूक म्हणजे महाधमनी पाहून आयव्हीसी समजणं. शीर लिव्हरच्या मागून उजव्या एट्रियममध्ये शिरताना दिसली पाहिजे, तोपर्यंत मोजू नका. मोजायची एट्रियमपासून साधारण २ सेंमी अलीकडे. दुसरी चूक म्हणजे धाप लागलेल्या रुग्णात श्वासाबरोबर मिटणारी शीर बघून "ड्राय" म्हणणं. जोरात श्वास ओढला की कुणाचीही मिटते. तिसरी म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला स्वतः श्वास घेणाऱ्याचे निकष लावणं. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो तेव्हा शीर मिटत नाही, फुगते.

मी दोन टोकंच मानतो. २.१ सेंमीपेक्षा मोठी, श्वासाबरोबर जवळजवळ न हलणारी शीर म्हणजे उजवीकडचा दाब जास्त, सावध. बारीक, चपटी, पूर्ण मिटणारी शीर आणि सोबत गार गुडघे म्हणजे फ्लुइडला जागा असावी. मधल्या सगळ्या आकड्यांवर निर्णय टांगू नका.

### सीव्हीपी

सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) ८ ते १२ करायचा, ही जुनी सवय सोडा. फ्लुइडला प्रतिसाद मिळेल की नाही हे त्यावरून कळत नाही. तरी लाइन असेल तर तो अचानक किंवा सतत वाढतोय का, हे उपयोगी आहे. मोजताना शून्य चौथ्या बरगडीच्या फटीपाशी, छातीच्या जाडीच्या मध्यावर. दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर १० सेंमी खाली लटकला तर आकडा ७ मिमी पाऱ्याने फुगतो. पाण्याच्या मॅनोमीटरवरचे सेंमी आणि मॉनिटरवरचे मिमी पारा एक नाहीत: ११ सेंमी म्हणजे ८ मिमी.

## टप्पा ५ : सोसेल का?

प्रतिसाद येईल, पण किंमत काय पडेल?

फुप्फुसं. दोन्ही बाजूंना प्रोब ठेवा. बरगड्यांच्या एका फटीत तीन किंवा जास्त बी-लाइन (सोनोग्राफीत दिसणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेघा), आणि त्या अनेक जागी, तर फुप्फुसात पाणी भरतंय. न्यूमोनिया आणि एआरडीएसमध्येही (फुप्फुसांची गंभीर सूज) त्या येतात, म्हणून एकदाच पाहून निकाल देऊ नका. दाखल होतानाचं चित्र लिहून ठेवा आणि त्याच्याशी ताडा. प्रोब नसेल तर एफआयओटू (दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनचं प्रमाण) वाढतोय का हेच तुमचं मोजमाप.

पोट. पोट ताठ लागत असेल तर फोलीतून (युरिनच्या कॅथेटरमधून) दाब मोजा: रुग्ण सपाट, ब्लॅडर रिकामं करून जास्तीत जास्त २५ मिली एनएस, शून्य कंबरेच्या हाडापाशी मिड-अॅक्सिलरी रेषेवर, वाचन श्वास सोडल्यावर. १२ मिमी पारा आणि वर म्हणजे वाढलेला. हा दाब मूत्रपिंडाचं रक्त अडवतो. युरिन कमी म्हणून फ्लुइड, फ्लुइडमुळे आणखी सूज, सुजेमुळे आणखी कमी युरिन.

आधीची दुखणी. डायलिसिसवरचा, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डाव्या वेंट्रिकलमधून बाहेर जाणारा रक्ताचा वाटा) २५ टक्के असलेला किंवा मायट्रल स्टेनोसिस (हृदयाची झडप अरुंद होणं) असलेला. यांना फ्लुइड कधीच नाही असं नाही, पण घोट लहान.

थांबून पाहा: पहिला "हो", दुसरा "हो", तिसरा "सोसेल" तरच टप्पा ६. पहिला "हो" आणि बाकी दोघांपैकी एकाचं जरी उत्तर "नाही" असेल तर नॉरअॅड, इनोट्रोप (हृदयाचं आवळणं वाढवणारं औषध) किंवा मूळ कारणावर उपचार. सेंट्रल लाइनची वाट बघत नॉरअॅड अडवून ठेवू नका. चांगल्या मोठ्या शिरेतून थोडा वेळ चालतं, फक्त हातावर लक्ष ठेवा.

## टप्पा ६ : बोलस मोजूनमापून द्या

२५० मिली, १० मिनिटांत. तासाभरात सावकाश गेलेल्या ५०० मिलीतून काही कळत नाही. ते मधल्या काळात वाहिन्यांबाहेर जातं.

द्यायचं रिंगर लॅक्टेट (आरएल) किंवा तत्सम बॅलन्स्ड (क्षार रक्ताच्या जवळपास असलेलं) फ्लुइड. डोक्याला मार असेल तर एनएस. एका लिटर एनएसमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, आणि औषधं विरघळवायला वापरलेल्या १०० मिलीच्या बाटल्यांतूनही ते जातच असतं. स्टार्च नको. डेक्स्ट्रोज बोलससाठी नाही.

जाड, आखूड कॅन्युला वापरा, हिरवी किंवा गुलाबी. सेंट्रल लाइनची लांब बारीक नळी याला बरी नाही. आणि ज्या लाइनवर नॉरअॅड चालू आहे तिच्यातून बोलस कधीही सोडू नका. नळीत साचलेलं नॉरअॅड एकदम आत ढकललं जातं, बीपी १४० होतं, सगळे म्हणतात "बघा, फ्लुइडला रिस्पॉन्स आला", आणि आणखी अर्धा लिटर लिहिलं जातं.

आधी आणि नंतर तेच पाच आकडे लिहा: कॅपिलरी रिफिल, मीन आणि पल्स प्रेशर, नाडी, ऑक्सिजन, व्हीटीआय जमत असेल तर. मध्येच सॅच्युरेशन घसरलं, धाप वाढली किंवा सीव्हीपी झपाट्याने चढला तर बाटली बंद. उरलेली "आता लावलीच आहे तर" म्हणून संपवायची नाही.

सेप्सिसमधल्या ३० मिली प्रति किलोचं काय? २०२१ ची मार्गदर्शिका म्हणते, सेप्सिसमुळे रक्तपुरवठा घटला असेल तर पहिल्या ३ तासांत किमान एवढं. आणि ही शिफारस "कमकुवत" प्रतीची आहे. ६० किलोसाठी १८०० मिली. त्यात रेफर होण्याआधीच्या बाटल्या धरा. पहिल्या तासात गंभीर रुग्णात इतक्या चाचण्या करत बसणं शहाणपणाचं नाही, एक-दीड लिटर द्या आणि मग वरचा क्रम सुरू करा. पण तिसऱ्या दिवशी बीपी पडलं म्हणून पुन्हा ३० मिली प्रति किलोचं गणित मांडणं, याला कुठलाच आधार नाही.

> इशारा: एकदा आलेलं "हो" पुढच्या बोलसला लागू होत नाही. परिणाम बऱ्याचदा तासाभरात ओसरतो. प्रत्येक वेळी टप्पा २ पासून.

## डेंग्यूत क्रम बदलतो

पावसाळ्यानंतर वॉर्ड भरतात तेव्हा हा भाग वेगळा काढून ठेवा. इथे वाहिन्या गळतात, तेही ठरावीक काळ: ताप उतरण्याच्या सुमारास २४ ते ४८ तास. ताप गेला म्हणून घरचे खूश असतात, नेमका तेव्हाच धोका.

मुख्य मोजमाप हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का). मूळ आकड्यापेक्षा २० टक्के वाढ म्हणजे गळती. ३८ चं ४६ झालं तर २१ टक्के. म्हणून पहिल्या दिवशीचा आकडा जपून ठेवा. दुसरं, पल्स प्रेशर २० किंवा कमी: १००/८४ हे "बीपी चांगलंय" नव्हे, हा शॉक आहे. बीपी टिकून असलेल्या शॉकमध्ये ५ ते १० मिली प्रति किलो एका तासात, मग हिमॅटोक्रिट आणि नाडी पाहत टप्प्याटप्प्याने उतरवायचं. प्लेटलेट पाहून सलाईनचा वेग ठरत नाही.

हिमॅटोक्रिट उतरला तर दोन अर्थ. रुग्ण सुधारतोय, युरिन भरपूर: पाणी वाहिन्यांत परत येतंय, सलाईन बंद करा. रुग्ण बिघडतोय, पाय गार: आत कुठेतरी रक्तस्राव, रक्त मागवा. पहिल्या प्रकारात सलाईन चालू राहिल्यामुळे फुप्फुसं भरतात, आणि सुट्टी देण्याच्या बेतात असलेला रुग्ण बायपॅपवर (मास्कमधून दाबाने श्वास देणाऱ्या मशीनवर) जातो.

## टप्पा ७ : काढण्याची वेळ ओळखा

नॉरअॅड उतरतंय, कॅपिलरी रिफिल तीनच्या आत, लॅक्टेट खाली, आणि एकूण बॅलन्स अधिक पाच लिटर. आता कामाची दिशा उलटी.

आधी ओतणं थांबवा. फीड सुरू असलेल्या रुग्णाला ताशी ८० ने चालणारं मेंटेनन्स कशासाठी, हे विचारा; बहुतेकदा उत्तर "कालपासून चालू आहे" एवढंच असतं. औषधं कमी पाण्यात द्या, पॅरासिटामॉल ट्यूबमधून. एवढ्यानेच दिवसाला लिटरभर वाचतं. मग लॅसिक्स, २० ते ४० मिग्रॅपासून, दोन तासांत किती युरिन आलं ते पाहून पुढचा डोस. सुरुवातीला दिवसाला वजा अर्धा ते एक लिटर पुरे. रोज पोटॅशियम. नॉरअॅड पुन्हा वाढवावं लागलं, रिफिल लांबलं किंवा क्रिएटिनिन चढत गेलं तर हात आखडता घ्या. लॅसिक्सला मूत्रपिंड दादच देत नसेल तर नेफ्रॉलॉजिस्टला रात्री बोलवा, सकाळची वाट नको.

## नोंद आणि हँडओव्हर

"फ्लुइड स्टेटस फेअर" किंवा "युव्होलेमिक" (पाणी प्रमाणात) असं लिहिलेल्या नोटवरून पुढच्या ड्युटीवाल्याला काहीच कळत नाही. अशी लिहा:

"रात्री २.१५. सीआरटी ५ सेकंद, गुडघे गार, मीन ५८, नॉरअॅड ताशी ६ मिली. एकूण बॅलन्स अधिक २.५ लिटर. लेग रेज: व्हीटीआय १५ वरून १७. बी-लाइन फक्त उजवीकडे खाली, कालच्याइतक्याच. आरएल २५० मिली १० मिनिटांत, डाव्या हातातून. २.३०: सीआरटी ३, मीन ६६, ऑक्सिजन तेवढाच. दुसरा बोलस नाही. पुन्हा तपासणी ३.३०."

सिस्टरांना "युरिन कमी झालं तर सांगा" एवढंच सांगून जाऊ नका. आकडे द्या: सलग दोन तास ३० मिलीपेक्षा कमी, मीन ६० खाली, एफआयओटू १० ने वाढवावा लागला, किंवा पाय पुन्हा गार लागले, तर फोन. आणि फोन आला की बेडपाशी जाईपर्यंत बाटलीचा हुकूम नाही.